सातारच्या यंत्राचं दावं

रिळाचा डबा मी मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने दोनदा सांगितलं की मास्तर, वर फळीवर ठेवा, काही पडत नाही. पण फळीवर कुणाचा तरी रेडिओ होता. रेडिओच्या भोंग्यात चुंबक असतं आणि चुंबकाजवळ ही फीत ठेवायची नसते. एवढं सगळं भरल्या गाडीत समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. चौसष्ट वर्षांचा होतो. साताऱ्याहून सांगली म्हणजे एस.टी.ने चार तास, आणि त्या दिवसांत उसाच्या गाड्या रस्त्यावर असल्या की पाच.

उंब्रजला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. थोडा वेळ तिने डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शिनेमा हाय व्हय त्यात?"

मी म्हटलं, सिनेमा नाही, यंत्राला शिकवायचा धडा आहे.

"यंत्र शिकतंय?"

"शिकवलं तर शिकतं."

"मग आमच्या नातवापरास बरं हाय," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

तिला दिलेलं उत्तर तसं बरोबरच होतं. साताऱ्याला आमच्या शिक्षण संस्थेच्या तंत्रनिकेतनात १९७५ साली एक छोटा संगणक आला होता. कपाटाएवढा, समोर बारा खटके आणि त्यांच्यावर दिव्यांच्या रांगा. मी शाळेतून गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो होतो. संस्थेने मला त्या खोलीची किल्ली दिली, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. यंत्राला स्वतःचं असं फार थोडं कळतं. दोन संख्या मिळवायच्या, एक आकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा, शून्य आलं तर पुढची ओळ सोडून द्यायची, इतकंच. टाइप केलेलं वाचायचं कसं, छापायचं कसं, एक काम संपल्यावर दुसरं कधी घ्यायचं, हे सगळं त्याला एका मूळ प्रोग्रामने शिकवावं लागतं. कंपनीचे लोक त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणत. तो मूळ प्रोग्राम या रिळावर होता. रीळ लावलं की यंत्र शहाणं, काढलं की पहिलीत बसवलेलं पोर.

दर शनिवारी दुपारी गावातली सहा मुलं माझ्याकडे येत. संस्थेच्या कोणत्याही कागदावर हा वर्ग नव्हता. मुलं छोटे छोटे प्रोग्राम लिहीत. कुणी पाढे छापून घेई, कुणी वाढदिवसाचा वार काढी. यंत्राला जागं करण्यासाठी बारा खटके वरखाली करून चौदा ओळी भराव्या लागत, मग रीळ फिरू लागे. त्या ओळी यंत्राला आठवतही असत, तरी मुलांचा हात बसावा म्हणून मी दर शनिवारी त्या नव्याने भरायला लावत असे. पाळी ठरलेली होती. एखाद्याची पाळी चुकली तर तो आठवडाभर माझ्याशी बोलत नसे.

आता संस्थेने सांगलीच्या तंत्रनिकेतनासाठी नवा, मोठा संगणक घेतला होता. त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला. संगणकाचा नवा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता आणि बावीस फेब्रुवारीला तंत्रशिक्षण खात्याची समिती पाहायला येणार होती. सातारचं रीळ घेऊन या, असा अध्यक्षांचा निरोप होता. मी घेऊन निघालो होतो.

अध्यक्ष म्हणजे लालासाहेब. तासगाव भागातले बागायतदार, पण जीव बैलांत. खरसुंडीच्या बाजारात त्यांनी दात पाहून नाही म्हटलेला बैल दिवसभर दुसरं कुणी घेत नसे. संगणकाचा सौदा करायला मुंबईला तेच गेले होते, आणि त्या सौद्याची गोष्ट त्यांनी मला स्टँडवरून कॉलेजात जाईपर्यंत सांगितली. कंपनीच्या माणसाने चार पानांचं दरपत्रक पुढे ठेवलं होतं. यंत्र, छापण्याचं यंत्र, फितीचं कपाट, आणि शेवटी एक ओळ मूळ प्रोग्रामची. लालासाहेबांनी ती ओळ पेनने खोडली. हे आमच्या घरी आहे, म्हणाले. कंपनीच्या माणसाने नक्की का, असं दोनदा विचारलं, आणि लालासाहेबांना वाटलं की हा माल खपवायला बघतोय.

त्यांची चूक समजण्यासाठी बैलबाजाराची रीत माहीत हवी. बैल विकणारा बैलाबरोबर दावं देत नाही. सौदा झाला की तो आपलं दावं सोडून घेतो आणि खांद्यावर टाकून घरी जातो, कारण दावणीचं दावं गेलं की दावण रिकामी राहते, अशी समजूत. घेणाऱ्याने आपलं दावं घरून आणायचं असतं. लालासाहेब जन्मभर असेच बाजाराला जात आले होते. यंत्र म्हणजे बैल, रीळ म्हणजे दावं, आणि दावं आपलं साताऱ्याला आहे. त्यांच्या हिशेबात कुठेच खोट नव्हती.

नव्या खोलीत चारुशीला वाट पाहत होती. वाईची मुलगी, साताऱ्याला शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली, पुढे विज्ञानाची पदवी घेऊन आलेली. घरात आई, दोन लहान भाऊ, कमावती ती एकटी. संस्थेने तिला तात्पुरतं नेमलं होतं. अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली तर कायम, नाही मिळाली तर मार्चअखेर तिने घरी जायचं, असं नेमणुकीच्या पत्रातच होतं. तिने यंत्र पुसून, तारा जोडून तयार ठेवलं होतं. माझ्या हातातून डबा घेतला, झाकण उघडलं, आणि रीळ काढायच्या आधी झाकणात घडी करून ठेवलेला कागद उघडून वाचायला लागली.

मी खुर्चीत बसून पाणी पीत होतो. तिला वाचायला बराच वेळ लागला.

"सर, ही तुमचीच सही ना?"

माझीच होती. १९७५ सालची, निळ्या शाईतली. रीळ आलं त्या दिवशी पोचपावती समजून मी ती केली होती. मागची बाजू वाचली नव्हती. प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तराला हात घाला, असं चौतीस वर्षं मुलांना सांगणारा माणूस मी.

मागच्या बाजूला लिहिलं होतं की हा प्रोग्राम विकलेला नाही, वापरायला दिला आहे. ज्या यंत्राचा क्रमांक खाली लिहिला आहे, फक्त त्याच यंत्रावर तो चालवायचा. खाली सातारच्या यंत्राचा क्रमांक होता. सांगलीच्या यंत्राचा क्रमांक त्याच्या पाठीवर पितळी पट्टीवर कोरलेला होता आणि तो अर्थातच वेगळा होता.

चारुशीला काही न बोलता रीळ लावू शकली असती. तिने वाचलं नसतं तर मीही वाचलं नसतं. तिने कागदाची घडी केली, पुन्हा झाकणात ठेवली आणि झाकण लावलं.

लालासाहेबांना बोलावलं. मी त्यांना कागद वाचून दाखवला, एकेक वाक्य मराठीत सांगून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की कंपनी मुंबईला, आपण सांगलीला, बघतंय कोण. मी म्हटलं, समितीने विचारलं तर कागद दाखवावा लागेल. ते म्हणाले, समिती दिवे बघून जाईल. हेही खरं होतं. नवी प्रत मागवावी तर परकीय चलनाची परवानगी दिल्लीहून आणावी लागे, आणि त्यात आठ-दहा महिने जात.

"मास्तर, दावं घरचं न्यायची रीत हाय का न्हाई?" लालासाहेब म्हणाले. "मी काय कुणाचं चोरलंय?"

"घरचं असतं तर मी बोललो नसतो. ते घरचं नव्हतं. त्यांनी सातारच्या एका मानेपुरतं उसनं दिलं होतं. आपण ते आपलं समजून बसलो, आणि त्यात पहिला मी."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती, त्याचाच आवाज.

"उसनं दावं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं न्हाई," शेवटी ते म्हणाले, जणू हे कुणीतरी दुसऱ्यानेच त्यांना सांगितलं होतं. "ह्या गळ्यातनं सोडून त्या गळ्यात बांधायचं म्हटलं, तर?"

कागदात तेही होतं. नवव्या कलमात. मालक एकच असेल तर प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येईल. कंपनीला लेखी कळवून, एकदाच. अट इतकीच की पहिल्या यंत्रावरून तो पूर्ण पुसायचा आणि त्याच्या असतील तेवढ्या सगळ्या प्रती नव्या ठिकाणी हलवायच्या.

मी हे वाचून दाखवल्यावर चारुशीला खिडकीकडे बघत म्हणाली, "मग शनिवारचं काय?"

तिला माहीत होतं. शाळेत असताना तीही अशाच एका वर्गात बसली होती, मात्र तेव्हा माझ्याकडे खडू आणि फळाच होता.

लालासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हुकूम मी न्हाई देणार. खोली तुमची, पोरं तुमची. सांगा तुमी."

मी म्हटलं, उद्या सांगतो. पण उद्यापर्यंत विचार करण्यासारखं काही नव्हतं. एका बाजूला एक पगार आणि त्यावर जगणारी चार माणसं, तीस मुलांचा अभ्यासक्रम. दुसऱ्या बाजूला सहा पोरं आणि पाढे छापण्याची हौस. गणित सोपं होतं. सोप्या गणिताचं उत्तर लिहायला हात जड व्हावा, हे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून मी तिथेच सांगितलं की हलवू.

पत्र गेलं. लालासाहेबांनी कंपनीच्या पुण्याच्या कचेरीला ट्रंककॉल केला आणि पाचव्या दिवशी लेखी परवानगी आली. सोबत एक छापील नमुना होता. सातारचं यंत्र पुसलं, माझ्याकडे कोणतीही प्रत उरली नाही, असं मी सही करून द्यायचं.

तेवढ्यासाठी मी पुन्हा साताऱ्याला गेलो. खोली उघडली, यंत्राची स्मृती पुसली. त्याला फार वेळ लागत नाही. चार वर्षं जे त्याच्या पोटात होतं ते चहा निवायच्या आत गेलं. मग कपाट उघडलं. तळाच्या कप्प्यात, जुन्या परीक्षेच्या पेपरांखाली, दुसरं एक रीळ होतं. पहिल्याला काही झालं तर असावी म्हणून मीच ७६ साली काढून ठेवलेली प्रत. तिची कुठेही नोंद नव्हती. चारुशीलालाही माहीत नव्हती. त्यावर माझ्या अक्षरात 'शनिवार' एवढंच लिहिलं होतं.

ते रीळ हातात घेऊन मी बराच वेळ स्टुलावर बसलो. सहा मुलं आठवड्यातून दोन तास बसतात, त्यात कंपनीचं काय जातं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला चार-पाचदा आला. पण खाली सही माझी होती, आणि या वेळी मी मागची बाजू वाचली होती. न वाचता केलेल्या सहीची लाज वेगळी, वाचून केलेल्या खोट्या सहीची वेगळी. शिवाय त्या मुलांपैकी कुणी विचारलं असतं की सर, हे रीळ कुठलं, तर मला काहीतरी सांगावं लागलं असतं. मुलांना मी आजवर चुकीचं पुष्कळ शिकवलं असेल, पण खोटं शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एस.टी. गुडघे आता गाडीची पायरी चढतानाच बोलत होते. सांगलीला पिशवीतून 'शनिवार' काढून टेबलावर ठेवलं. चारुशीलाने ते पाहिलं, अक्षर ओळखलं, आणि पहिल्या रिळाशेजारी कपाटात ठेवलं. मग मला चहा स्वतः करून आणला, शिपायाला न सांगता.

समिती आली. लालासाहेब म्हणाले होते तशी ती दिवे बघून गेली नाही. त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी मूळ प्रोग्रामचा परवाना मागितला. चारुशीलाने कंपनीचं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी पितळी पट्टीवरचा क्रमांक वाकून वाचला, पत्राशी ताडून पाहिला आणि पुढे गेले. लालासाहेब दाराशी उभे होते. त्यांनी घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मान्यता मिळाली. चारुशीला कायम झाली. मला आनंद झाला असणार, पण मला त्या दिवशीची आठवण आहे ती एवढीच, की परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली आणि कऱ्हाड कधी गेलं ते कळलं नाही.

मधला शनिवार या धावपळीत बुडाला होता. मग पुढचा आला. चोवीस तारीख.

सहाही मुलं वेळेआधी आली. त्या दिवशी खटक्यांची पाळी विजयमालाची होती. बारा वर्षांची, बाप फौजेत, बोलायला कमी आणि ऐकायला तिखट. तिने वही उघडली, चौदा ओळी भरल्या आणि रिळाच्या जागेकडे पाहिलं. तिथे नुसता खुंटा होता.

मी सगळ्यांना खाली बसवलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. कागद, सही, सांगलीचं यंत्र, चारुशीला, दोन्ही रिळं. दुसऱ्या रिळाबद्दल सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मुलांना खरं सांगितलं तर ती बहुतेक वेळा नीट ऐकतात. एकाने विचारलं, आता हे यंत्र विकणार का. मी म्हटलं, बहुतेक. कधी ते माहीत नाही.

विजयमाला अजून यंत्रापाशीच उभी होती.

"सर, हे यंत्र कुणाचं?"

"संस्थेचं. विकत घेतलेलं."

"आणि हे खटके?"

"यंत्राबरोबरचे."

"मिळवणी त्याला रीळ शिकवत होतं का?"

"नाही. ती त्याची त्यालाच येते."

"मग मिळवणी तर करंल की," ती म्हणाली. "आपण लिहिलेलं तर आपलंच असतंय."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या कपाटाएवढ्या यंत्रात शिरायचं ते दार पहिल्यापासूनच होतं. पण चार वर्षं रीळ लावून लावून मी ते विसरलो होतो, आणि गेल्या पंधरा दिवसांत इतका थकलो होतो की आठवायची इच्छाही नव्हती. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला लवकर घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

मी खडू घेतला. फळ्यावर पाच आज्ञा लिहिल्या. आधीचं विसर. पहिली संख्या घे. दुसरी तिच्यात मिळव. उत्तर ठेव. थांब. प्रत्येक आज्ञेचा आकडा यंत्राच्या पुस्तकातून शोधायचा, तो तीन-तीन खटक्यांच्या गटात मांडायचा, आणि मग एकेक ओळ हाताने भरायची. जे काम रिळामुळे पापणी लवायच्या आत होई, त्याला पाऊण तास लागला. सात आणि पाच मिळवायचे ठरले. सुरुवातीचा खटका दाबल्यावर दिवे लागले आणि उत्तर आलं एकवीस.

मुलं हसली. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही, आपण काहीतरी चुकीचं सांगितलंय, शोधा. एकेक ओळ पुन्हा वाचली. पाचाऐवजी चौदा भरले गेले होते. खटके मोजताना कुणाचं तरी बोट एक घर सरकलं होतं आणि शिवाय एक जास्तीचा खटका वर गेला होता. कुणाचं बोट, ते मी विचारलं नाही.

दुरुस्ती चालू असताना लालासाहेब दारात आले. साताऱ्याला कशाच्या तरी बैठकीला आले होते. आत येऊन मागच्या बाकावर टेकले, टोपी गुडघ्यावर. पोरं काय करताहेत, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी त्यांना सांगितलं की रीळ नाही, म्हणून पोरं एकेक आज्ञा हाताने देताहेत.

"किती येळ लागतोय?"

"दोन संख्या मिळवायला तासभर."

ते मुलांच्या हातांकडे बघत राहिले. एक आकडा वाचत होता, एक खटके वरखाली करत होता, एक वहीत खूण करत होता.

"घायपात भिजवून, ठेचून, वाख काढून दावं वळायला दोन दिस लागत्यात," ते म्हणाले. "म्हातारा वळायचा आमचा. बाजारातलं कवा घेतलं न्हाई त्यानं."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "हे यंत्र विकायचं म्हणून बैठकीत लिहून आलंय, मास्तर. आणलाय कागद सहीला."

त्यांनी तो खिशातून काढला, पण पुढे केला नाही. घडी न उघडताच पुन्हा खिशात ठेवला. पुढच्या बैठकीला बघू, म्हणाले. पुढची बैठक जूनमध्ये होती. म्हणजे चार महिने, सोळा-सतरा शनिवार. मी मनात मोजून पाहिलं, पण जास्त बोललो नाही. माणसाने एवढं केलं की त्याला आणखी बोलायला लावू नये.

विजयमालाने खटका दाबला. दिव्यांच्या रांगेत शेवटच्या चारांपैकी डावीकडचे दोन लागले, उजवीकडचे दोन विझलेले राहिले. पहिल्या दिव्याची किंमत आठ, दुसऱ्याची चार. बारा.

तेवढ्यात वीज गेली. त्या दिवसांत दुपारची ती जायचीच. सगळे दिवे एकदम विझले, पंखा मंदावत थांबला, आणि सगळ्यांत धाकटा रडकुंडीला येऊन म्हणाला, "गेलं सर आता सगळं."

मी त्याला जवळ बसवलं. या यंत्राच्या पोटात मोहरीएवढे लोखंडी मणी तारेत ओवलेले आहेत, आणि वीज गेली तरी ते जसे असतात तसेच राहतात, असं सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. मग म्हटलं, आपण वाट बघू, आली की पाहू. लालासाहेबांनी बाकावर पाय वर घेतले. मीही भिंतीला टेकून डोळे मिटले. मुलं अंधुक खोलीत, पुढच्या शनिवारी कोणते आकडे वजा करायचे, त्यावर हळूहळू भांडत होती.